‘मुलांना एड्सबद्दल शिकवू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा आशय असा: वर्गात एड्स आणि कंडोमबद्दल बोललं की मुलं बिघडतात, कंडोमला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून विषाणू आरपार जातो, संस्कारी मुलांना हा रोग होत नाही, आणि आता औषधं आली आहेत, मग एवढी चर्चा कशाला? काळजीपोटी पुढे ढकलला जाणारा हा मेसेज मुलांच्या जिवाशी खेळतो, म्हणून सविस्तर उत्तर देते.

‘मुलं बिघडतात.’ युनेस्कोने अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन २०१८ मध्ये लैंगिक शिक्षणाची सुधारित मार्गदर्शिका काढली. अशा शिक्षणामुळे मुलं लवकर संबंध ठेवू लागतात, असं आढळलं नाही. उलट काही उपक्रमांत ती उशिरा सुरुवात करतात आणि कंडोम जास्त वापरतात, असं दिसलं. नुसतं ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच सांगणारे उपक्रम मात्र फारसे उपयोगी पडले नाहीत.

‘कंडोमला छिद्रं असतात.’ छिद्रं असतात ती प्राण्यांच्या आतड्याच्या पडद्यापासून बनवलेल्या कंडोमला. ते एचआयव्हीपासून, म्हणजे एड्स घडवणाऱ्या विषाणूपासून, संरक्षणासाठी वापरायचे नाहीतच. नेहमीच्या लॅटेक्स कंडोममधून, तो फाटलेला नसेल तर, हा विषाणू जात नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, जोडीदारांपैकी एकालाच एचआयव्ही असलेली १२४ जोडपी प्रत्येक वेळी कंडोम वापरत होती. सुमारे १५,००० संबंधांनंतरही त्यांच्यातल्या एकाही निगेटिव्ह जोडीदाराला लागण झाली नाही. ‘प्रत्येक वेळी’ हे दोन शब्द मुलांच्या मनावर ठसवायला हवेत. तेलकट क्रीम किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं, एक्स्पायरी उलटलेलं पाकीट वापरायचं नाही, हेही सांगायला हवं. मोठ्यांपैकी कितीजण हे सांगतात?

‘संस्कारी मुलांना होत नाही.’ अमेरिकेतला रायन व्हाइट तेरा वर्षांचा असताना त्याला एड्स असल्याचं निदान झालं. हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आजारासाठी घेतलेल्या रक्तघटकातून विषाणू आला होता, तरी शाळेने त्याला वर्गात येऊ दिलं नाही. ज्याला शरीरसंबंधातून लागण झाली तोही माझ्या लेखी तितकाच निर्दोष आहे. शिवाय चेहरा पाहून काही कळत नाही. उपचार नसले तरी माणूस अनेक वर्षं धडधाकट दिसू शकतो.

‘औषधं आहेत.’ आहेत, आणि ती उत्तम आहेत. नियमित एआरटीने, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांनी, रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. पण विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही, गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि त्या सुरू होण्याआधी चाचणी व्हावी लागते. चाचणीचंही एक पथ्य आहे. बोट टोचून होणाऱ्या झटपट चाचणीत लागण दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याआधीच्या ‘निगेटिव्ह’वर विसंबून कंडोम सोडायचा नाही.

कंडोम फाटला, बळजबरी झाली, दुसऱ्याने वापरलेली सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत ‘पेप’ ही औषधं सुरू करून २८ दिवस घेतल्यास लागण टळू शकते. जितका उशीर, तितका उपयोग कमी. त्यामुळे सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखान्याचा आपत्कालीन विभाग गाठायचा.