तो बिबट्या गायीचं दूध प्यायलाच नव्हता

शिराळ्याकडं ऊसतोड सुरू झाली की दोन गोष्टी ठरलेल्या. फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, आणि मोबाईलवर तो फोटो येतो. गायीला खेटून बिबट्या निवांत बसलाय आणि खाली मजकूर: आई मेल्यावर या गायीनं त्याला दूध पाजून जगवलं, म्हणून तो रोज रात्री तिला भेटायला येतो. जंगली जीवांच्या डोळ्यांत प्रेमानं बघा, ते ओळखतात; त्यांची मैत्री निःस्वार्थ असते, दगा फक्त माणूस देतो. यंदा भावकीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, म्हणून हे लिहितोय.

फोटो खोटा नाही. वडोदऱ्याजवळच्या आंतोली गावात 2002 च्या सुमारास एक बिबट्या खरंच रात्री गायीजवळ येऊन बसायचा. दुधाची गोष्ट मात्र मागाहून चिकटवलेली. आणि एका बिबट्याच्या वागण्यावरून सगळ्या बिबट्यांचा स्वभाव ठरवायचा असेल, तर आधी आमच्या वस्तीवरच्या शेळ्यांना विचारा.

आता ‘निःस्वार्थ’. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत रक्त पिऊन जगणारी वटवाघळं आहेत. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर मरतात. मग पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याच्या तोंडात रक्त उलटून देतं. जीवशास्त्रज्ञ जेराल्ड विल्किन्सन यांनी 1984 मध्ये हे मांडलं. पुढं जेराल्ड कार्टर या संशोधकासोबतच्या त्यांच्या कामात दिसलं, की कोण कुणाला देणार हे नात्यापेक्षा आधी कुणी कुणाला दिलं होतं यावर जास्त ठरतं. अनोळखी वटवाघळं एकत्र ठेवली, तर ती लगेच रक्त देत नाहीत. आधी एकमेकांचं अंग चाटून साफ करायचं, त्यात फार काही जात नाही. ते जमलं तरच पुढं घास. आपल्याकडं पैरा असाच चालतो: आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. त्याला कुणी स्वार्थ म्हणत नाही, आणि निःस्वार्थही म्हणत नाही.

केनियातल्या अंबोसेलीच्या बबून जातीच्या माकडांतल्या माद्यांचंही तेच. ज्यांची इतरांत ऊठबस जास्त, त्यांची पिल्लं जास्त जगली, असं 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. मैत्री उपयोगी पडते, म्हणून ती खोटी ठरत नाही.

‘डोळ्यांत प्रेमानं बघा, ते ओळखतात’ हे तर धोक्याचंच. माकडाच्या भाषेत रोखून बघणं म्हणजे दमदाटी. महाबळेश्वरला हातातलं कणीस हिसकावून नेणारं माकड तुमचा मित्र झालेलं नसतं. माणसाची भीती मोडलेली असते, एवढंच. खरा विश्वास कसा दिसतो? कोस्टा रिकातली कॅपुचिन माकडं सोबत्याचं बोट स्वतःच्या डोळ्याच्या खोबणीत घालू देतात. ही दोस्तीची परीक्षा असावी, असं त्यांचा अभ्यास करणाऱ्या सुझन पेरी यांचं म्हणणं. अशी मुभा रोजच्या सोबत्याला मिळते, सुट्टीत आलेल्या पाहुण्याला नाही.

दगा फक्त माणूस देतो म्हणे! वानरांच्या टोळीचा हुप्प्या बदलला, की नवा अनेकदा आधीच्याची पिल्लं मारतो. पुढचं काय बोलायचं?

राहिली फडातली पिल्लं. ती मायेला आसुसलेली नसतात, त्यांची माय जवळच्याच उसात असते. म्हणून सेल्फी नको, कुरवाळणं नको, दूध तर नकोच. तोड थांबवा, माणसं मागं घ्या, वनखात्याला कळवा. ते लोक अंधार पडायच्या सुमारास त्याच जागी पिल्लं क्रेटमध्ये ठेवतात आणि लांब जातात. पुष्कळदा सकाळी क्रेट रिकामा असतो.