काकांनी अडवलेला लूप

घरून काम करणारा माणूस रिकामा असतो, यावर आमच्या खानदानाचं एकमत आहे. त्यामुळे पुतण्याच्या मुंजीला मंडळी इंदूरच्या आमच्या घरी उतरली, तेव्हा सरबराईचं खातं बिनविरोध माझ्या गळ्यात पडलं. मावशीला अंघोळीला कढत पाणी, आत्याला बिनसाखरेचा चहा, गुरुजींना फोन, न्हाव्याला आठवण, भाच्यांना आत्ताच्या आत्ता छप्पन दुकानची खाऊगल्ली. हाका सगळ्या एकदम, आणि घरात पाहुणा म्हणून आपण एकटेच आलोय अशी प्रत्येकाची समजूत.

माझं पोट तरी कशावर चालतं? सर्व्हर सांभाळण्यावर. हजारो लोक एकाच वेळी काहीबाही मागत असतात आणि त्यांना पुरा पडणारा प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, पुष्कळदा एकच असतो.

जुनी रीत ऐसपैस होती. गिऱ्हाईक आलं की फोर्क करा, म्हणजे प्रोसेसची एक प्रत काढून त्याच्या दिमतीला द्या. गिऱ्हाईक गप्प बसलं तरी प्रत आपली मेमरी अडवून उभीच. दहा हजार जणांना एका यंत्रावर कसं सांभाळायचं, हा प्रश्न डॅन केगेल यांनी 1999 साली ‘सी-टेन-के’ या नावाने मांडला. आमच्याकडे हीच रीत वहिनीने करून पाहिली: पाहुण्यागणिक एक पोर नेमलं. सगळी पोरं ओट्याशी गोळा झाली आणि खुद्द वहिनीला गॅसपर्यंत पोचता येईना.

मी इव्हेंट लूपवाला. गीझर लावायचा आणि निघायचं, त्याच्यासमोर उभं राहून पाणी लवकर तापत नाही. आधण ठेवायचं, निघायचं. गुरुजी फोन उचलत नाहीत? निरोप टाकायचा, निघायचं. जिकडून ‘झालं’ अशी खूण येईल तिकडे वळायचं, आणि हाच फेरा, म्हणजे लूप, चालू ठेवायचा. सर्व्हरमध्ये सॉकेट, म्हणजे गिऱ्हाइकाशी जोडणीचं आपल्याकडचं टोक, नॉन-ब्लॉकिंग (उत्तरासाठी अडून न बसणारं) ठेवून कर्नललाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यालाच, विचारतात, कोण कोण तयार आहे? 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्स प्रणालीतला ‘सिलेक्ट’ त्यासाठी दर खेपेला अख्खी यादी पहिल्यापासून चाळतो. आमची आई तशीच खोल्याखोल्यांतून ‘तुझा चहा झाला? तुझा?’ विचारत फिरते, कप विसळून ठेवलेल्यांनासुद्धा. लिनक्सचा ‘ईपोल’ शहाणा. नावं एकदाच लिहून घेतो आणि पुढे फक्त तयार असलेल्यांचीच सांगतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा एकेक वर्कर प्रोसेस हजारो जोडण्या झेलतो तो याच्याच जिवावर. त्यात चपळाई कसली? सगळा वेळ वाट बघण्यातच जात असतो, ती फक्त एका जागी उभं राहून बघायची नाही.

सकाळ सुरळीत चालली होती. मग काका म्हणाले, “अरे, दोन मिनिटं बैस.”

काकांचं काम गॅसवर ठेवून निघण्यातलं नाही. ते बोलतात आणि आपण प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा. इंदूरच्या होळकर संघाने क्रिकेटचा रणजी करंडक चारदा जिंकला. काका चारही सांगतात, 1945-46 पासून, क्रमाने. होळकरांचे कर्णधार सी. के. नायडूंनी नुसती बॅट हातात घेईपर्यंत गीझरचा दिवा विझला होता, गुरुजींचा फोन वाजून बंद पडला होता आणि आत्याचा चहा उतू जाऊन बर्नरच्या भोकांत वाळत होता. नोड, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा, अशाच लूपवर चालते; तिच्यात कुणी अशी लांबलचक आकडेमोड लूपातच घातली, की बाकीची गिऱ्हाइकं जिथल्या तिथे खोळंबतात. रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसमध्ये लाखो नोंदी असताना ‘कीज’ ही सगळी नावं चाळणारी आज्ञा दिली तरी तेच. प्रोसेस मेलेला नसतो बरं का, भयंकर कामात असतो. बाहेर उभ्या असलेल्याला मात्र दोन्ही सारखंच.

यावर उपाय म्हणजे असलं काम वेगळ्या थ्रेडकडे, म्हणजे त्याच प्रोसेसमधल्या कामाच्या दुसऱ्या धाग्याकडे, सोपवून लूप मोकळा करणं. आत्याचे जावई पेपर वाचत बसले होते. मी त्यांना काकांसमोरची खुर्ची दिली आणि सटकलो. गुरुजी सापडले, मावशीची अंघोळ झाली, भाचे पोहे-जिलबी हाणून परतसुद्धा आले. थ्रेड काही परतला नाही.

जावई बडोद्याचे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. 45-46 च्या फायनलमध्ये होळकरांनी बडोद्यालाच हरवलं होतं. ते त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “पुढच्या वर्षी काय झालं हो, काका?” पुढच्या वर्षी बडोद्याने होळकरांना डावाने धुतलं होतं. हजारे आणि गुल महंमद, चौथ्या विकेटला 577. हा हंगाम काकांनी आम्हाला आजवर कधी सांगितलेला नव्हता.

दोघांची पानं शेवटी तिथेच नेऊन वाढली.