‘हे जंगल आहे होय?’ : एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

निनावी वाचक,

दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयहून लोकल गाडीने कासी गावाच्या स्टेशनवर उतरायचं आणि तिथून पोर-मियू, पोर-पँ, आँ-व्हो या खाड्यांपर्यंत समुद्रकाठच्या जंगलातून पायपीट करायची, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “ताई, हे जंगल आहे होय? खडकावरची झुडपं ती. एकदा नेरळहून माथेरानच्या गाडीत बसा, म्हणजे जंगल कशाला म्हणतात ते कळेल. शिवाय स्टेशन गावापासून तीन किलोमीटर लांब, उन्हाळ्यात वाटा बंद, यातलं काही लिहिलेलं नाही. परदेश मिरवायची हौस, दुसरं काय!”

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. पण स्वतःचं नाव झाकून ठेवायचं, ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि जाता जाता हेतूवर चिखल उडवायचा, ही कुठली रीत? लेखातलं एखादं वाक्य चुकीचं वाटलं तर ते समोर ठेवा आणि खोडून काढा. ‘हौस’ म्हटलं की वाद घालायची गरजच उरत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. हा ब्लॉग मी पदरमोड करून चालवते, त्यावर एक जाहिरात नाही. मिरवायचं असतं तर पायवाटांवर कशाला लिहिलं असतं?

एक गोष्ट मान्य. कासीचं स्टेशन गावापासून तीनेक किलोमीटर दूर आहे, आणि तो आकडा लेखात असता तर एखाद्याची सोय झाली असती. पण दिवसभर चालायला निघालेल्या माणसाने त्या तीन किलोमीटरचं काय घेऊन बसायचं?

आता ‘झुडपं’. माथेरान मला सांगू नका. मी नेरळची. वडील रेल्वेत, आणि 1907 साली सुरू झालेल्या त्या गाडीच्या शिट्टीवर आमच्या घरातली कामं चालत. पावसाळा सरला की आम्ही पोरं रुळांच्या कडेने जुम्मापट्टीपर्यंत चढत जायचो. त्यामुळे तिथली झाडं मला पाहून-पाहून पाठ आहेत. तुम्ही कड्यांवरच्या पॉइंटांपाशी कधी नीट थांबला आहात का? तिथली अंजनी, तिथली जांभळं बघा. जांभ्यावर मातीचा पातळ थर आणि वर सोसाट्याचा वारा, त्यामुळे ती ठेंगणी राहतात, एका बाजूला कलतात. उंचीच मोजायची तर माथेरानचा कितीतरी भाग तुमच्या जंगलाच्या यादीतून बाद होईल. तो बाद करायला तुम्ही तयार आहात का?

आपल्याकडे उन्हाळा संपताना पाऊस येतो. भूमध्य समुद्राच्या काठी तो शरदात आणि हिवाळ्यात पडतो. ऊन सर्वांत कडक असतं तेव्हा जमीन अगदी कोरडी असते. मार्सेयला वर्षाचा पाऊस ढोबळमानाने 500 ते 600 मिलिमीटर. माथेरानला एकट्या जुलैत त्याहून जास्त कोसळतो. त्यात कालांकांचा, म्हणजे कड्यांमधल्या या चिंचोळ्या खाड्यांचा, सगळा प्रदेश चुनखडीचा, पाणी फटींतून खाली निघून जातं, वर माती जेमतेम. अशा जागी अलेप्पो पाइन उभा राहतो, तो मुळं त्या फटींत घालून. सदाहरित ओकची पानं लहान, जाड, चिवट असतात, ती पाणी राखण्यासाठी. खाली कर्मीस ओक, रोझमेरी, मस्तकी. या सगळ्यांना तुम्ही एका शब्दात ‘झुडपं’ करून टाकलंत, याचं मला फार वाईट वाटलं. हेतूबद्दलच्या टोमण्यापेक्षाही जास्त.

आणि त्या जंगलाने काय काय सोसलंय! शतकानुशतकं त्यातली लाकडं चुन्याच्या भट्ट्यांत आणि कोळशासाठी गेली, मेंढ्या चरल्या. ऑगस्ट 1990 मध्ये मोठी आग लागली. 2012 साली राष्ट्रीय उद्यान झालं, तरी आगी थांबलेल्या नाहीत. अलेप्पो पाइनची काही बोंडं वर्षानुवर्षं फांदीवर मिटून राहतात आणि आगीच्या धगीने उघडतात. झाड मरतं, पण बी राखेवर पडतं. कर्मीस ओक जळाला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. पोर-पँला जे कमरेएवढे, खांद्याएवढे पाइन दिसतात त्यांच्याकडे मी याच नजरेने पाहत होते. मार्चमध्ये रोझमेरीला निळसर फुलं होती, वाटेवर राळेचा वास होता, पलीकडे काप कानायचा 394 मीटरचा तांबूस कडा उन्हात होता. ते जंगल आहे, आणि मी ते पुन्हा लिहीन.

राहता राहिला वाटा बंद असण्याचा मुद्दा. लेख मार्चमधल्या चालण्याबद्दल होता. आगीच्या धोक्यामुळे प्रवेशावर येणारे निर्बंध 1 जून ते 30 सप्टेंबरचे, आणि वाट खुली की बंद ते त्या काळात रोजच्या रोज जाहीर होतं. मार्चमध्ये त्याचा संबंध काय? जाणारा माणूस निघण्याआधी एवढं बघतोच, वाचकाला मी कुक्कुलं बाळ समजत नाही. परदेशाबद्दल तर बोलायलाच नको. माझा मुलगा मार्सेयला शिकतो, म्हणून मी तिथे होते. दिसलं ते लिहिलं.

बाकी तुमच्या प्रतिक्रियेत उत्तर देण्यासारखं मला काही सापडलं नाही. तुम्ही स्वतः पोर-पँच्या पुढे गेला आहात का, आँ-व्होला उतरणारी ती सुट्या दगडांची तीव्र उतरण पायाखालून घातली आहे का, याबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही. गेला असाल तर तुम्हाला तिथे काय दिसलं ते सविस्तर लिहा. मी एक शब्द न कापता इथे छापेन. खाली नाव मात्र घाला.