जावईबापूंचं स्थळ

आमच्या घरात सध्या दोन जावई आहेत. एक मी. दुसरा टीव्हीच्या शेजारी वीस लिटरच्या टाकीत राहतो.

त्याचं नाव बायकोनं ठेवलं. लेकीच्या वाढदिवसाला निळा फायटर मासा आणला, तो घरात आल्याआल्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसला. खायला घातलं, तर दोन दाणे तोंडात घेऊन थुंकून दिले. काचेजवळ बोट नेलं, तर गालफडं फुगवून अंगावर आला. "अगदी जावईबापू!" बायको म्हणाली. हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण त्यानं काही बिघडत नाही.

पुढचे चार महिने बरे गेले. मग सासूबाई गुडघा दाखवायला देवरुखहून ठाण्याला आल्या. दुसऱ्याच दिवशी चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "हा एकटाच?"

सासूबाईंनी आजवर एकवीस लग्नं जमवली आहेत. दोन मोडली, पण ती त्यांच्या मते मुलांच्या आयांमुळे. 'एकटाच' हा शब्द त्या अशा सुरात उच्चारतात की, ऐकणाऱ्यानं ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.

मी समजावून सांगितलं. म्हटलं, आई, याची जातच एकटं राहायची. थायलंडच्या भातखाचरांत, उथळ पाण्यात हे राहतात. नराचा आपापला तुकडा ठरलेला, दुसरा आला की चावाचावी. तिथल्या लोकांनी झुंजी लावायला पिढ्यान् पिढ्या त्यातले भांडकुदळ तेवढे निवडून वाढवले. थाई भाषेत याला 'प्लाकाट' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. 2019 मध्ये थायलंडनं तर याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं.

"राष्ट्रीय म्हणजे सरकारीच की," सासूबाई म्हणाल्या. "मग स्थळ काय वाईट आहे?"

त्याच आठवड्यात टाकीत पाण्यावर फेस दिसायला लागला. कोपऱ्यात, साबणाच्या फेसासारखा. भांड्यांचा साबण लागलेला हात कुणीतरी टाकीत घातला, या संशयावरून मी घरात सगळ्यांची चौकशी केली, चमच्यानं फेस काढून टाकला, निम्मं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी फेस परत हजर. शेवटी कळलं की ते घरटं होतं. नर तोंडानं एकेक बुडबुडा सोडून ते बांधतो. मादीनं अंडी घातली की, ती खाली पडताना तोंडात झेलतो आणि नेऊन फेसात चिकटवतो. निसटलेलं अंडं परत वर नेऊन ठेवतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत राखण करतो. मादीला जवळ फिरकू देत नाही, कारण ती अंडी खाते.

"म्हणजे बिचारा घर बांधून वाट बघतोय, आणि तुम्ही ते चमच्यानं उपसताय!" सासूबाई.

"अंडी तो सांभाळतो? एकटा?" बायको. या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं.

नर मादीशिवायही घरटी बांधत बसतो, त्यात वाट बघण्याचा काही संबंध नसतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण दोन विरुद्ध एक. लेक धरून तीन.

दुकानदारानं मादी दिली, तिच्याबरोबर दमही दिला. "आधी आठवडाभर काचेतून दाखवा. तिच्या अंगावर उभे पट्टे आले तरच सोडा. आडवे आले तर समजा घाबरलीये. आणि अंडी घातली की लगेच बाहेर काढा, नायतर फाडून ठेवंल." मादी म्हणजे बोटभर, आखूड परांची, मातकट गुलाबी. "रंग बेताचा आहे, पण नाकीडोळी नीटस," असा निर्णय रिक्षातच झाला.

मग कॉफीच्या रिकाम्या बरणीत मादी, ती बरणी टाकीत, असा बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. जावईबापूंनी कल्ले पसरले, पिसारा उघडला, बरणीला तीन धडका दिल्या. "छाती काढून दाखवतोय," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून जाहीर केलं, "उभे आहेत." मी बघितलं. मला तिरके वाटले.

त्या रात्री मी आंघोळीला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी संकष्टी, म्हणून सासूबाई साबुदाणा भिजवून मोकळ्या झाल्या होत्या. मोकळ्या झालेल्या सासूबाई आणि नऊ वर्षांची नात यांनी मिळून बरणी कलती केली.

लेकीची किंकाळी ऐकून मी टॉवेलवर बाहेर आलो. मादी फिल्टरच्या नळीमागे अंग चोरून बसलेली, तिच्या शेपटीचा एक तुकडा कण्हेरीच्या पाकळीसारखा पाण्यात तरंगतोय, आणि जावईबापू नळीला घिरट्या घालतायत. जाळी सापडेना. चहाची गाळणी घेतली. जावईबापू मादीला सोडून गाळणीवर तुटून पडले. कसंबसं मादीला उचललं, बरणी स्वयंपाकघरात होती म्हणून तिकडे धावलो, आणि ओट्याशी पोचतो तोच तिनं उडी मारली.

ओट्यावर नाही. जमिनीवर नाही. सिंकमध्ये नाही. मिक्सरमागे बॅटरी मारून बघितलं. टॉवेल एका हातात धरून हे सगळं.

"साबुदाणा हलतोय," बायको शांतपणे म्हणाली.

पातेल्यावरचं झाकण अर्धवट होतं. त्या पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या, दोन वाट्या साबुदाण्यात मादी पडली होती, आणि जिवंत होती. या माशांना कल्ल्यांच्या वर एक जादा अवयव असतो, त्यानं ते हवेतूनही श्वास घेतात. खाचरातलं पाणी आटत आलं तरी तग धरतात, त्यांना साबुदाण्याचं काय! लेक पायांच्या टाचा उंचावून पातेल्यात बघत होती. तिचा आवाज भरून आला.

"आजी! एवढी अंडी घातली तिनं!"

सासूबाईंनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग टॉवेलकडे. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपासाला रताळी खाल्ली. साबुदाण्याविषयी कुणी काही बोललं नाही. "पत्रिकाच जुळत नव्हती," एवढंच त्या संध्याकाळी देवरुखला फोनवर सांगताना ऐकू आलं.

आता मादीला वेगळी टाकी आहे. शेपटी भरून येतेय. दोन टाक्या शेजारी शेजारी, कारण घरात जागा तेवढीच. एकमेकांना दिसले की दोघं दिवसभर काचेवर आपटत राहतात, म्हणून मध्ये काहीतरी आडोसा हवा होता. जाड पुठ्ठा शोधला, तेव्हा सोनेरी गणपती छापलेली कुणाचीतरी लग्नपत्रिका हाताला लागली. ती अगदी मापाची निघाली.

रोज संध्याकाळी पाच मिनिटं ती बाजूला काढायची. जावईबापूंना तेवढा व्यायाम होतो. पाच मिनिटं झाली की, सासूबाई सोफ्यावरून, गुडघ्याला शेक घेता घेता ओरडतात, "जावईबापू, पुरे आता!"

आम्ही दोघंही वळून बघतो.