फ्लो कमी झाला म्हणजे मोटर गेली, असं नसतं

मासे पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात असा : "कॅनिस्टर फिल्टरमधून पाणी कमी येतंय किंवा आवाज येतोय म्हणजे मोटर गेली. ती दुरुस्त होत नाही, नवीन फिल्टर घ्या. फिल्टर टिकवायचा असेल तर दर आठवड्याला सगळं मीडिया नळाखाली स्वच्छ धुवा, रात्री फिल्टर बंद ठेवा आणि गळायला लागला तर एम-सील लावा." यातल्या पहिल्या सल्ल्याने पैसे जातात आणि पुढच्यांनी मासे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. कॅनिस्टर फिल्टर म्हणजे टाकीखालच्या कपाटात ठेवलेला, दोन पाइपांनी टाकीला जोडलेला बंद डबा, आणि मीडिया म्हणजे त्यातले पाणी साफ करणारे स्पंज, सिरॅमिक रिंगा आणि फ्लॉस.

मोटरपासून सुरुवात. फिल्टरच्या वरच्या झाकणात जी मोटर असते तिला कार्बन ब्रश नसतात. वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, एपॉक्सीत ओतून पक्कं बंद केलेलं असतं, पाण्याचा त्याला स्पर्शही होत नाही. हलणारा भाग एकच, तो म्हणजे इम्पेलर : एक दंडगोल चुंबक, त्यावर पाती, मधून सिरॅमिकची बारीक दांडी आणि टोकांना रबरी बुश. नेहमीच्या साध्या एसी फिल्टरमध्ये हा इम्पेलर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला 3000 फेरे मारतो. त्यामुळे बिघाड झालाच तर तो बहुतेक वेळा इम्पेलरमध्ये किंवा पाण्याच्या वाटेत असतो. मोटर खरंच गेली असेल तर प्लग लावल्यावर गुणगुण येत नाही, हाताला थरथर लागत नाही; किंवा झाकण चटका बसेल इतकं तापतं, पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात. झिणझिण्या आल्या तर मात्र तो फिल्टर लगेच काढा, पुन्हा लावून बघू नका. आणि तेव्हाही अनेक मॉडेलचा नुसता मोटरचा वरचा भाग स्पेअर म्हणून मिळतो. डबा, ट्रे, पाइप सगळं टाकून द्यायचं काही कारण नाही.

मग पाणी कमी का येतं? इथे या पंपाचं काम समजून घ्यायला हवं. टाकीखालच्या कपाटातून पाणी वर चढवायला खूप ताकद लागत असेल असं वाटतं, पण पाइपची दोन्ही तोंडं एकाच टाकीत असतात. एका पाइपातून पाणी आपल्या वजनाने खाली येतं आणि दुसऱ्यातल्या पाण्याला तोलून धरतं. पंपाला जोर लावायचा असतो तो फक्त पाइप आणि मीडियाच्या अडथळ्यापुरता. म्हणूनच पंप लहान असतो, आणि म्हणूनच अडथळा थोडा वाढला तरी फ्लो लगेच पडतो.

तो अडथळा कुठे आहे हे शोधायला मेकॅनिक लागत नाही. प्लग काढा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, फिल्टर उघडा. मीडिया टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि रिकामा डबा लावून फिल्टर चालवा. फ्लो परत आला तर दोष मीडियाचा, आणि त्यातही बहुधा सगळ्यात बारीक पांढऱ्या फ्लॉसचा, म्हणजे कापसासारख्या थराचा, कारण तोच आधी तुंबतो. फ्लो तसाच राहिला तर पाइप काढून आतून लांब ब्रश फिरवा. पाइपच्या आतल्या भिंतीवर तपकिरी बुळबुळीत थर बसतो, तो बाहेरून दिसतही नाही. इनटेकच्या, म्हणजे टाकीतून पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या, जाळीत अडकलेली पानं आणि कपाटामागे दुमडलेला पाइप हेही बघा. एवढं करूनही फरक पडला नाही तर मग इम्पेलर बाहेर काढा.

फ्लो नक्की किती आहे हे मोजताही येतं, पण एक चूक सर्रास होते. परतीचा पाइप जमिनीवरच्या बादलीत सोडला की सायफनमुळे पाणी जोरात येतं आणि आकडा फुगतो. बादली टाकीच्या काठाच्या उंचीला धरा. 10 लिटरची बादली 60 सेकंदांत भरली तर फ्लो ताशी 600 लिटर. बॉक्सवर 1000 लिहिलंय म्हणून घाबरू नका, तो आकडा बहुतेक वेळा मीडियाशिवायच्या पंपाचा असतो. आपला फिल्टर साफ असताना जो आकडा येतो तो कपाटाच्या दारावर लिहून ठेवा आणि पुढची तुलना त्याच्याशी करा.

आवाजाचं म्हणाल तर खडखड, खळखळ म्हणजे जवळपास नेहमी हवा. फिल्टर उघडून बंद केल्यावर झाकणाखाली ती अडकून राहते. चालू फिल्टर हलकेच या बाजूला, त्या बाजूला कलता करा, परतीच्या पाइपातून बुडबुडे निघून जातात. काही तासांनी आवाज पुन्हा आला तर हवा कुठून तरी आत येतेय. एअरस्टोन, म्हणजे टाकीत बुडबुडे सोडणारा दगड, इनटेकच्या शेजारी आहे का बघा. नाहीतर टाकीच्या काठावरून पाइप जिथे वळतो तिथला सांधा तपासा. तो भाग पाण्याच्या पातळीच्या वर असल्याने तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून हा दोष भल्याभल्यांना सापडत नाही. गुणगुण येतेय पण पाणी नाही, अशा वेळी इम्पेलरमध्ये वाळूचा कण, देठ किंवा बारीक गोगलगाय अडकलेली असते. सतत कर्कश घरघर असेल तर सिरॅमिकची दांडी तुटलीय का बघा. बोअरचं पाणी वापरत असाल तर इम्पेलरच्या खळग्यात पांढरा क्षार चिकटून बसतो. भाग व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन बसवा. सुरू करताना दोन-तीन सेकंद होणारी कडकड हा दोष नव्हे.

एम-सीलबद्दल एवढंच : लावू नका. फिल्टर गळतो तो बहुधा ओ-रिंगखाली (झाकण आणि डब्यामधल्या रबरी कड्याखाली) केस किंवा वाळूचा कण आल्यामुळे, किंवा क्लिपा एका बाजूने आवळल्यामुळे. ओ-रिंग आणि तिची खाच पुसून घ्या, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, समोरासमोरच्या क्लिपा जोडीने लावा. पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचं रबर फुगतं, ती टाळा. डबाच तडकला असेल तर तो चिकटवून घरात चालवू नका, कपाटाशेजारी वीज असते.

आता ज्याने मला खरंच वाईट वाटतं तो मुद्दा : दर आठवड्याला सगळं मीडिया नळाखाली धुणे. सिरॅमिक रिंग आणि स्पंजवर जे जिवाणू राहतात ते माशांच्या मलमूत्रातल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते आहेत म्हणून मासे जगतात. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. एका धुण्यात ही वसाहत उद्ध्वस्त होऊ शकते आणि पुन्हा पुरती वसायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात. मधल्या काळात मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, एकेक करून मरतात, आणि लोक म्हणतात "पाणी लागलं नाही". फिल्टर फ्लो पडल्यावरच उघडा. पाणी बदलताना काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळा, रिंगा नुसत्या खळबळून घ्या, बदलायचा तो फक्त फ्लॉस. दर आठवड्याला काही धुवायचंच असेल तर इनटेकवर प्री-फिल्टर स्पंज बसवा आणि तो धुवा.

रात्री फिल्टर बंद ठेवायचा सल्लाही याच जिवाणूंच्या मुळावर येतो. त्यांना ऑक्सिजन लागतो, तो वाहत्या पाण्यातून मिळतो. बंद डब्यातला ऑक्सिजन ते स्वतःच संपवतात आणि मग मरू लागतात. वाचतं किती? 20 वॉटचा फिल्टर रोज 8 तास बंद ठेवला तर महिन्याला 4.8 युनिट.

वीज आपल्या हातात नसते, हे खरं. ती अर्धा-एक तास गेली तर काही करू नका. चार-सहा तास गेली असेल तर आल्यावर फिल्टर आपोआप सुरू होऊ देऊ नका, आतलं कुजकं पाणी थेट टाकीत जातं. त्यासाठी वीज तासाभरात आली नाही तर प्लग काढून ठेवा. वीज आल्यावर डबा उघडून पाणी ओतून द्या, मीडिया टाकीच्या पाण्यात खळबळा, डबा भरा आणि मग प्लग लावा. वीज नसेल त्या वेळात टाकीत बॅटरीवरचा एअरपंप चालू ठेवा, आणि पुढचे दोन-तीन दिवस खाणं निम्म्यावर आणा.