मण्यांचे शिल्प आणि रुखवत: एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न.,

बाल्टिमोरच्या शिल्पकार जॉइस जे. स्कॉट यांच्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मण्यांचे काम आपल्याकडे रुखवतातही असते, मग ते अमेरिकेत झाले म्हणून त्याला शिल्प का म्हणायचे, हा पहिला. आणि वंशद्वेषासारखा विषय चकचकीत मण्यांत मांडला की त्याची धार जाते, हा दुसरा.

रुखवताला कमी लेखण्याचा माझा हेतू नव्हता. स्कॉट यांच्या आई एलिझाबेथ टॅलफर्ड स्कॉट स्वतः गोधड्या शिवणाऱ्या कलावंत होत्या आणि मुलीच्या हाती सुईदोरा घरातच आला. मात्र १९७६ मध्ये मेन राज्यातील हेस्टॅक या हस्तकला-शाळेत जॉइस मणी ओवण्याचा जो पेयोटी टाका शिकल्या, त्यात प्रत्येक नवा मणी आधीच्या ओळीतील दोन मण्यांमधल्या खाचेत बसतो आणि दोरा ताणून धरला की विणीला ताठपणा येतो; मणी वाढवत-घटवत गेले की आत साचा नसतानाही पोकळ गाल, नाक, हातपाय उभे राहू शकतात. तेथे मणी वरून लावलेली सजावट नसून शिल्पाचे अंगच असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘मॅन ईटिंग वॉटरमेलन’ (१९८६) हे जेमतेम वीतभर काम पाहा: कलिंगडाच्या तावडीतून सुटू पाहणारा कृष्णवर्णीय माणूस. गुलामगिरी संपल्यावर अनेक मुक्त कृष्णवर्णीय कलिंगडे पिकवून विकत, आणि त्याच फळावरून गोऱ्या समाजाने पुढे त्यांची पिढ्यान् पिढ्या टिंगल केली. एवढी लहान वस्तू पाहण्यासाठी वाकावेच लागते. मण्यांची लकाकी जवळ ओढते, आणि काय चालले आहे हे उमगते तेव्हा प्रेक्षक तिच्या अगदी समोर असतो. माझ्या मते धार आहे ती येथेच. २०१७ मध्ये न्यू जर्सीत मांडलेल्या, गुलामांना पळून जाऊन मुक्त होण्यास मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या भव्य प्रतिमेबाबत मात्र, निदान छायाचित्रांवरून, आपले म्हणणे मला बरेचसे पटते.

रुखवत करणाऱ्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवत नाही, ही आपली तक्रार रास्तच आहे. बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयाने २०२४ मध्ये स्कॉट यांच्या पन्नास वर्षांच्या कामाचे प्रदर्शन भरवले आणि त्याच सुमारास आईच्या गोधड्याही तेथे मांडल्या होत्या. आपल्याकडे एखाद्या संग्रहालयाने असे काही केले, तर त्यावर सविस्तर लिहायला मला आवडेल.