‘सुई कळतही नाही, पहिल्याच बैठकीत आराम’: अॅक्युपंक्चरच्या त्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: चिनी अॅक्युपंक्चरने कंबर-गुडघे पहिल्याच बैठकीत मोकळे होतात, सुई कळतही नाही, धोका शून्य, स्वतःच्या सुयांची डबी ठेवून त्याच पुन्हा वापरल्या की झालं, साखरेच्या (मधुमेहाच्या) गोळ्याही सुटतात, चीनमध्ये तर भूल न देता ऑपरेशन होतं.

‘पहिल्याच बैठकीत.’ जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००७ मध्ये आले. त्यात आठवड्याला साधारण दोन, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दहा बैठकी होत्या. सहा महिन्यांनी अॅक्युपंक्चरवाल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना ठळक आराम होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २७.४ टक्के. पण मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया टोचलेल्यांतही ४४.२ टक्के! म्हणजे काहींना उपयोग होतो, पण नेमक्या बिंदूचं श्रेय फार नाही. म्हणून आमचा सल्ला असा: रात्री दुखून किती वेळा जाग येते, किती जिने चढवतात, हे आधी लिहून ठेवा. सहा बैठकींत त्या नोंदी बदलल्या नाहीत, तर थांबा. पंचवीस बैठकींचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडे जाऊच नका.

‘सुई कळतही नाही.’ कळते, आणि कळायला हवी, असं ही पद्धतच मानते. सुई भरीव असते, जाडी साधारण पाव मिलिमीटर. नेहमीच्या इंजेक्शनची सुई साधारण याच्या दुप्पट किंवा त्याहून जाड. आधी विचारपूस होते, जीभ आणि दोन्ही मनगटांची नाडी पाहतात. मग आडवं झोपवून आठ-पंधरा सुया लावतात. गुडघ्यासाठी हमखास लागणारी जागा म्हणजे वाटीच्या खाली चार बोटं आणि नडगीच्या कडेपासून बोटभर बाहेर. सुई बारीक नळीत धरून वरून टिचकी मारली की टोचल्याचं जेमतेम जाणवतं. आत गेल्यावर जडपणा येतो, ठणका पसरतो. चिनी भाषेत याला ‘दे-छी’ म्हणतात. वीज चमकल्यासारखी कळ आली तर मात्र ते ‘दे-छी’ नव्हे, सुई मज्जातंतूला लागली आहे. सोसत पडून राहू नका, लगेच सांगा. सुई मागे घ्यायला हवी. एरवी सुया वीस-तीस मिनिटं ठेवतात.

‘धोका शून्य.’ थोडं रक्त, काळा-निळा डाग हे नेहमीचं. उपाशीपोटी, त्यातही बसवून सुया लावल्या तर घेरी येते. सकाळची वेळ असेल तर पोहे खाऊन जा. खरा धोका मान आणि खांदा यांमधल्या मांसल भागात आहे. तिथे खाली फुप्फुसाचं टोक असतं. सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरते. असं क्वचितच होतं, पण त्रास कधी काही तासांनी, घरी पोहोचल्यावर सुरू होतो. श्वास घेताना छातीत दुखलं, दम लागला, तर थेट इस्पितळात जा. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, गरोदरपण हे सुई लावण्याआधीच सांगा.

‘स्वतःची डबी.’ मेसेजमधलं हे सर्वात फसवं वाक्य, कारण ते काळजीचं वाटतं. स्पिरिटमध्ये बुडवलेली सुई निर्जंतुक होत नाही, वापरलेलं टोक बोथट होऊन वाकतं, आणि डब्यांची अदलाबदल झाली तर कावीळ ब पसरू शकते. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, काढलेल्या सुया मोजून, भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात गेल्या पाहिजेत. ओला-सुका कचरा वेगळा ठेवणाऱ्या इंदूरकरांना हे पाहण्याची नजर आहेच.

‘भूल न देता ऑपरेशन.’ या समजाला १९७१ मध्ये बळ मिळालं. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन बीजिंगमध्ये झालं, पण नेहमीच्या भुलीच्या औषधाने. सुया लावल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थपणासाठी.

‘साखरेच्या गोळ्या सुटतात.’ नाही. इन्सुलिनवर जगणाऱ्याने ते बंद केलं तर एक-दोन दिवसांत जीव धोक्यात येतो. ज्यांच्या पावलांना मधुमेहामुळे बधिरता आली आहे, त्यांनी तिथे मोक्सा, म्हणजे पेटत्या वनस्पतीचा शेक, घेऊ नये. चटका कळत नाही, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.